नानीचा रुपया

आमच्या घरात चांदीचा एक रुपया आहे. हैदराबाद संस्थानचा, हिजरी १३३७ मधला, म्हणजे इसवी सन १९१८-१९ च्या सुमाराचा. एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर. हा ऐन उस्मान अली खान या शेवटच्या निजामाचा. त्यांचे वडील महबूब अली खान यांच्या चारमिनारच्या नाण्यावर त्याच जागी 'मीम' आहे. भोवती 'निजामुल्मुल्क आसफजाह बहादूर' अशी अक्षरं आणि ९२ हा आकडा. उर्दूच्या तासाला मी मुलांना या ९२ चं कोडं घालते. अब्जद पद्धतीत प्रत्येक अक्षराला किंमत असते. मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४०, दालचे ४. बेरीज करता करता एखादी मुलगी ओरडते, "मॅडम, मुहम्मद!"

हा रुपया माझ्या नानीच्या मेहरमधला आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुनी माणसं निजामाच्या पैशाला हाली सिक्का म्हणत आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. नानीच्या निकाहात मेहर ठरली १२५ रुपये हाली, आणि नानांनी ती तिथंच मोजून दिली.

मुस्लिमेतर वाचकांसाठी सांगते. मेहर ही नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम असते आणि ती फक्त तिची असते. बापाची नाही, सासरची नाही. कुरआनमध्ये सूरह निसात ती खुशीनं द्यायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. मेहर उधार राहते आणि नवऱ्याच्या जनाजाजवळ रडणाऱ्या बाईला चार जण म्हणतात, "माफ कर दो." त्या काळात नानीच्या पदरात रोख चांदी पडली, याचा तिला मरेपर्यंत अभिमान होता.

ते रुपये तिनं स्वतःच्या मर्जीनं खर्च केले. काही शेतातल्या विहिरीला दिले, काही अम्मीच्या शाळेला. १९७२ च्या दुष्काळात उरलेले सोनाराकडे गेले. एकच मागे ठेवला. दर ईदला ती तो चिंचेनं आणि राखेनं घासायची, मग शहाबादी फरशीवर टाकून वाजवायची. "सुना? खरा है," म्हणायची. नानीनंतर तो अम्मीकडे आला आणि अम्मीनं मला दिला.

काही वर्षांपूर्वी धाकट्या भावानं सुचवलं, "आपा, याचं ग्रेडिंग करून घेऊ. किंमत तरी कळेल." मी हो म्हटलं. नाणं खरं की खोटं हे तज्ज्ञ तपासतात, १ ते ७० मध्ये दर्जा देतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. ही ७० ची मोजपट्टी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी मांडली होती. डबीचे दोन भाग ध्वनिलहरींच्या उष्णतेनं जोडलेले असतात, त्यामुळे डबी न फोडता नाणं निघत नाही. संग्राहकांसाठी ही सोय चांगली आहे. बाजारात नकली नाणी खूप आणि प्रत्येकाला पारख कुठून असणार?

काही महिन्यांनी रुपया परत आला. लेबलवर आकडा नव्हताच. नाणं अस्सल, पण 'क्लीन्ड', म्हणजे घासलेलं. घासलेल्या नाण्याला आकडा देत नाहीत, कारण मूळ पृष्ठभाग गेलेला असतो. त्यांच्या नियमानं ते बरोबरच होतं. मला मात्र नानीच्या तमाम ईदा त्या एका शब्दात लाल शाईनं खोडल्यासारख्या वाटल्या.

अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. मी डबी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटसुलट केली, प्लास्टिकवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बजाके दिखा ना, बेटा."

मी डबी हलवली. काहीच वाजलं नाही.

"फोडते अम्मी," मी म्हटलं. भाऊ म्हणाला, थोडं थांबूया, डबी फोडली की हमी गेली, घेणारा पुन्हा संशय घेईल. एका नाणे-व्यापाऱ्यानंही तेच सांगितलं. दोघांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी थांबले. त्याच हिवाळ्यात अम्मी गेली.

चाळिसाव्यानंतरच्या रविवारी मी डबी फोडली. ती जुन्या टॉवेलात गुंडाळली, डोळ्यांवर चष्मा ठेवला आणि नाण्यापासून लांबचा कोपरा पक्कडीत धरून दाबला. मधोमध हातोडा मारला तर नाण्यालाच इजा होते. कोपरा कडकन तडकला, मग कडेनं हळूहळू शिवण उघडत गेली. रुपया फक्त कडेनं धरून बाहेर काढला, कारण बोटांच्या घामाचे डाग चांदीवर राहतात. सुमारे ११ ग्रॅम वजन आणि कडेच्या बारीक रेघा कितीतरी दिवसांनी बोटांना लागल्या.

फरशीवर टाकायचं धाडस झालं नाही. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टकटक केलं. खणखणीत नाणं म्हणतात ते काय, हे माझ्या मुलीनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी मात्र खोलीतल्या रिकाम्या पलंगाकडे बघत होते. हाच आवाज दहा आठवड्यांपूर्वी काढता आला असता. मी ज्या किमतीसाठी थांबले, ती आम्ही कधी घेणारच नव्हतो.

भावाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लेबल तरी जपून ठेव, आपा." ते ठेवलं आहे. रुपया आता कागदी पाकिटात असतो. चिंच-राख बंद केली आहे. ईदला तो बाहेर निघतो आणि वाजतो.

मुलगी यंदा बावीसची झाली. परवा एका स्थळाची बोलणी चालू असताना मेहरचा विषय निघाला. समोरच्यांनी मोठा आकडा सांगितला, "नंतर बघू" असंही म्हणाले. माझी मुलगी उठली, कपाटातून पाकीट आणलं आणि रुपया टेबलावर वाजवला. म्हणाली, "आकडा लहान असला तरी चालेल. पण निकाहाच्या दिवशी माझ्या हातात द्या."