वाटीत उरलेला मसाला

आमच्या आईला स्वयंपाकघरात काही वाया गेलेलं खपत नाही. चिकनला लावलेला मसाला पातेल्याला चिकटून राहिला, की ती त्यात थोडं पाणी घालून पातेलं विसळते आणि ते पाणी रश्श्यात ओतते. कोल्हापूरला लहानपणी दर रविवारी हे बघितलंय. सकाळी अण्णा समोर कापून घेतलेली कोंबडी आणणार, आई तिला हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवणार आणि मग रस्सा रटरटत राहणार, वर लालभडक तर्री येईपर्यंत. (मटण दर रविवारी परवडायचं नाही. असो.)

ही काटकसर माझ्याही अंगात मुरलेली. २०२३ च्या मे महिन्यात तिनंच घात केला.

झालं असं, की आई-अण्णा पुण्याला आमच्याकडे आले होते आणि मी नुकतीच बार्बेक्यूची शेगडी घेतली होती. हौस दांडगी! शनिवारी दुपारी दीड किलो चिकनला दही, लिंबू, तिखट, आलं-लसूण, कसुरी मेथी असं सगळं चोळून ठेवलं. फ्रीजमध्ये आमरस आणि कलिंगड ठासून भरलेलं, त्यामुळे पातेलं ओट्यावरच राहिलं. मुरू दे की चांगलं! दही आंबट, त्यात लिंबू, काय होतंय त्याला?

रात्री गच्चीवर कोळसे पेटवले. तुकडे मस्त भाजले, कडा काळ्या झाल्या. आणि शेवटी वाटीत उरलेला मसाला मी ब्रशनं त्यांच्यावर फासला, चकाकी यावी म्हणून. तिथून थेट ताटात. बायको शाकाहारी, आईचा शनिवार, म्हणजे खाणारे आम्ही दोघंच. "लेका, आईपेक्षा भारी जमलंय की!" अण्णा म्हणाले. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होतो.

मंगळवारी पहाटे अण्णांना जुलाब सुरू झाले आणि थंडी वाजून ताप आला. वय ७८, त्यात मधुमेह. सोमवारी संध्याकाळी ते उसाचा रस प्यायले होते, म्हणून आम्ही एकमतानं रसवाल्याला दोषी ठरवून मोकळे झालो. दुपारपर्यंत त्यांची जीभ कोरडी पडली, लघवी होईना, आणि मला ते माझ्या काकांच्या नावानं हाक मारू लागले. ती हाक ऐकली आणि माझे हातपाय गळाले.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गेल्या पाच-सहा दिवसांत काय काय खाल्लं?" मला वाटलं होतं, कालचं तेवढं सांगायचं. पुढे तपासणीत साल्मोनेला निघाला. हा जंतू पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला सहा तास लागतात, तसे सहा दिवसही लागू शकतात. आता खरं सांगतो. माझंही पोट सोमवारपासून बिघडलं होतं, आणि मी रसाचा थेंबही घेतला नव्हता. हे मी घरात कुणाला बोललोच नव्हतो.

"पण चिकन मी चांगलं भाजलं होतं हो," मी म्हणालो.

"आणि मसाला?"

मसाला कच्चाच होता! दुपारभर कच्च्या कोंबडीत बुडालेला, मे महिन्याच्या उकाड्यात ओट्यावर बसलेला. दह्या-लिंबाच्या आंबटपणानं मांस मऊ होतं, पण जंतू मरतील याचा भरवसा नाही. आई विसळलेलं पाणी घालायची ते रश्श्याबरोबर अर्धा तास खळखळ उकळायचं. मी तीच सवय शेगडीवर नेली आणि उकळी तेवढी विसरलो. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला मात्र पुरेशी खात्री पटली होती.

अण्णा सहाव्या दिवशी घरी आले, चार किलो वजन घालवून.

तेव्हापासून मुरवणं फक्त फ्रीजमध्ये, मग आमरस कुठे का जाईना. वरून लावायचा मसाला आधीच वेगळ्या वाटीत काढतो. कच्च्याचं ताट भाजलेल्याला नाही. आणि एक टोचायचा थर्मामीटर आणलाय, तुकड्याच्या जाड भागात ७४ अंश सेल्सियस दिसल्याशिवाय उतरवत नाही. नुसता रंग बघून कळत नाही. नळाखाली कोंबडी धुवायची नाही, शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात, हे मात्र आईला अजून पटलेलं नाही. "न धुता? शी!" यावर माझ्याकडे उत्तर नसतं. ती धुते, मी मागून साबणानं सिंक आणि ओटा घासतो.

गेल्या दिवाळीनंतर अण्णाच म्हणाले, "शेगडी काढ की रे." मी काढली. हात कापत होते, खोटं कशाला बोलू? अण्णा शेजारी खुर्ची टाकून थर्मामीटरचे आकडे मोठ्यानं वाचत बसले होते, एकसष्ट, अडुसष्ट, बहात्तर... खाली आलो तर पातेल्यात उरलेला मसाला मी फेकून देईन म्हणून आईनं आधीच त्यात पाणी घालून ते गॅसवर चढवलं होतं. चांगलं रटरटत होतं.

"अजून दहा मिनिटं," मी म्हणालो.

"वीस ठेवते," आई म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.