पत्र की समन्स?

‘‘मामा, एक मॅच मिळाली!’’ अमेरिकेतून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी काय समजलो असेन? माझे बालपण अंबरनाथला गेले. ज्या गावात विम्कोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता, त्या गावच्या माणसाला ‘मॅच’ म्हटले की आधी काडेपेटी आठवायची आणि मग क्रिकेट! भाच्याची मॅच या दोहोंहून निराळी निघाली. त्याने नळीत थुंकी भरून एका कंपनीला पाठवली होती. अशा कंपन्या तुमचा डीएनए तपासतात आणि आपल्याकडच्या इतर गिऱ्हाइकांपैकी कोणाकोणाशी तो जुळतो, त्याची यादी देतात. या नात्याचे माप म्हणे सेंटिमॉर्गन. सख्ख्या भावंडांत सुमारे २६००, सख्ख्या चुलत भावंडांत ८५० च्या आसपास. आणि पाच-सहा पिढ्या मागे गेले की दहा-वीस, कित्येकदा तर काहीच नाही.

भाच्याच्या यादीत एक बाई होत्या, बावीस सेंटिमॉर्गनच्या! तिकडेच राहणाऱ्या माझ्या ताईशीही त्या जुळत होत्या; म्हणजे धागा आमच्याच घरचा. बाई मॉरिशसच्या. ‘पूर्वज रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून आले,’ एवढेच त्यांनी लिहून ठेवले होते.

मी चमकलो. आमच्या घरी पणजोबांच्या हातची वंशावळ आहे. तीत खापरपणजोबांच्या धाकट्या भावापुढे तीनच शब्द आहेत: ‘समुद्रात बुडाला. निर्वंश.’

भाच्याने दोनदा लिहिले, उत्तर नाही. मग काम माझ्याकडे आले. ‘‘तू मराठीचा प्राध्यापक, पत्र तूच लिही!’’ पत्र इंग्रजीत जायचे होते, हा मुद्दा कोणी लक्षात घेतला नाही. मी पद्धतशीर पत्र लिहिले. एकूण अकरा प्रश्न, क्रमांक घालून. मूळ आडनाव कोणते? जात कोणती? कुलदैवत? किती साली गेले? कागदपत्रे आहेत काय? परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत शोभावे असे ते पत्र होते. आणि नापास विद्यार्थ्याने कोरा पेपर द्यावा, तसे तिकडून काहीच आले नाही. तीन महिन्यांनी स्मरणपत्र धाडले. तेही गडप!

गावी काकांना सांगितले, तर ते भडकलेच. ‘‘अरे, तुला कोणी सांगितला हा उपद्व्याप? उद्या जमिनीत हिस्सा मागतील!’’

गावी जमीन आहे ती डोंगरउताराची, आणि तिचे सातबारावरचे वारस मोजताना तलाठी घामाघूम होतो. मी हसलो. पण रात्री झोप येईना. तो भाऊ ‘निर्वंश’ ठरला नसता, तर त्याचा हिस्सा कोणाकडे गेला असता? पणजोबांनी तो शब्द ऐकीव माहितीवर लिहिला की सोयीने? आमच्या घरात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

माझे महाविद्यालय उल्हासनगरला. तिथे पंच्याऐंशी ओलांडलेले एक सिंधी कापडवाले माझ्या परिचयाचे आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत जे सुमारे एक लाख निर्वासित आले, त्यांतल्या एका घरातले ते पोर. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले, तेव्हा दादा बराकीसमोर गोळ्या-बिस्किटे विकत. शिकारपूरला सुटलेल्या शेजाऱ्यांना त्यांची आई पत्रे लिहवून घेई, आणि लिहायला बसत दादा.

मी माझे पत्र त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘‘सर, हे पत्र आहे की समन्स?’’

मी गप्प.

‘‘आई आधी विचारायची नाही, सांगायची. तुमच्या विहिरीचे पाणी आठवते, तुमच्या आजीची खोकी आठवते. प्रश्न एकच, आणि तो शेवटी. ज्याला सगळे सोडून जावे लागले, त्याला ‘कागद आहे का’ असे विचारू नये, सर. इथे येऊन आम्हाला सगळ्यांनी तेच विचारले.’’

त्या रात्री मी वाचनालयातून आणलेले मॉरिशसचे पुस्तक उघडले. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसे करारावर त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती आत शिरली. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. पुढे कारकुनाने ऐकले तसे बापाचे नाव लिहिले, आणि तेच मुलांचे आडनाव झाले. आणि मी त्या बाईंना मूळ आडनाव विचारत होतो!

तिसरे पत्र अर्ध्या पानाचे झाले. मी कोण ते सांगितले. गावाचे वर्णन केले; व्हाळ, वरकस जमीन, घरामागचा फणस. मग, बरीच खाडाखोड करून, लिहिले: ‘आमच्या वंशावळीत आपल्या पूर्वजांविषयी एक चुकीचा शब्द आहे असे मला वाटते. आम्ही त्यांना बुडवले. आम्हाला आपल्याकडून काही नको. उत्तर दिले नाहीत तरी मी समजेन. त्यांचे नाव काय होते, एवढे कळले तर तो शब्द मी खोडीन.’

उत्तर अठराव्या दिवशी आले. बाई निवृत्त शिक्षिका. आधीच्या पत्रांना उत्तर का दिले नाही, तेही त्यांनी सरळ लिहिले: जातीचा प्रश्न वाचून आईने पत्र मिटून ठेवायला सांगितले होते. घरात पूर्वजाचा फक्त क्रमांक ठाऊक होता. त्यावरून मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवहीतून त्यांनी नोंद काढून आणली. नाव, बापाचे नाव आणि गाव. स्पेलिंग भलतेच, पण मोठ्याने वाचले आणि नाव बरोबर उमटले. गाव आमचेच.

पत्राच्या शेवटी देवनागरीत, शाळेतल्या वळणाने, ‘नमस्कार’ असे लिहिले होते.

मी काकांना फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हिस्सा मागितला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय मागितले?’’

‘‘घराचा फोटो.’’

घर कधीच पडले. जोते तेवढे उरले आहे. चार दिवसांनी काकांनी जोत्याचा फोटो पाठवला. मी निरखून पाहिला. गेली कित्येक वर्षे तिथे गवत माजलेले असते. फोटोत एक काडी नव्हती. सगळे जोते झाडून, सारवून घेतलेले होते.