रेघेचे नाव कोठे लिहावे

कालश्रेणीचा आलेख काढणाऱ्यास रेघ काढणे कधीच अवघड जात नाही. अवघड जाते ते तिला नाव देणे. आकड्यांचा तक्ता संगणकाच्या हवाली करून एका ओळीची आज्ञा दिली की वर्षे आडव्या अक्षावर व संख्या उभ्या अक्षावर बसून रेघा आपापल्या वाटेने चालू लागतात, आणि आणखी एका ओळीची आज्ञा दिली की कोपऱ्यात एक चौकट उमटून तीत रंगाचे इवलेसे तुकडे आणि त्यांच्यासमोर नावे अशी यादी सिद्ध होते. शाळेच्या भूगोलात नकाशाखाली जी सूची असे तीच ही. कचेरीत सगळे तिला लेजंड म्हणतात. देवास येथे राहून जिल्ह्याजिल्ह्यांच्या आकडेवारीचे आलेख करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या चौकटीशी माझा नित्याचा संबंध येतो, आणि त्या सहवासातून माझे मत असे बनले आहे की सूची ही वाचकाची सोय नसून काढणाऱ्याची आहे. वाचकाने रेघेवरची नजर उचलून कोपऱ्यात न्यावी, तेथे रंग जुळवावा, नाव ध्यानात धरावे आणि परत येऊन मघाची रेघ हुडकावी, हा सारा हेलपाटा त्याच्या माथी मारून आपण मोकळे होतो.

या कलेचा आद्य प्रवर्तक विल्यम प्लेफेअर याने हा हेलपाटा कोणास घालू दिला नव्हता. महादजी शिंद्यांचा दबदबा उत्तरेत वाढत होता त्याच सुमारास, १७८६ साली, त्याने लंडनमध्ये व्यापारी आलेखांचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यात एक वगळता सर्व आलेख कालश्रेणींचे होते. डेन्मार्क व नॉर्वेशी चाललेल्या इंग्लंडच्या व्यापाराचा त्यातला आलेख पाहावा: आयातीच्या रेघेवरच ‘आयातीची रेघ’ आणि निर्यातीच्या रेघेवरच ‘निर्यातीची रेघ’ असे रेघेच्या वळणाने लिहिले आहे. ताम्रपटावर खोदणाऱ्याला वेगळी चौकट खोदण्यापेक्षा ते सोपे गेले असेल वा नसेल. वाचणाऱ्याला मात्र नाव आणि रेघ एकाच दृष्टिक्षेपात मिळतात.

मी ज्या साधनाने काम करतो त्या मॅटप्लॉटलिबचा जन्मही कालश्रेणींतूनच झाला. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञाने ते रचले. त्यात सूचीची जागा कोणी सांगितली नाही तर ‘बेस्ट’, म्हणजे रेघांशी कमीत कमी टक्कर होईल असा कोपरा, ते आपणच शोधते. एखाद्या सुट्या आलेखाला ही व्यवस्था पुरेशी आहे. परंतु मंडीतल्या सोयाबीनच्या भावांसारखा आलेख दरमहा नव्या आकड्यांनिशी निघू लागला म्हणजे एका महिन्यात डावीकडे वर बसलेली चौकट पुढल्या महिन्यात उजवीकडे खाली उतरते, आणि दोन कागद शेजारी ठेवून पाहणाऱ्याला भाव हलला की चौकट हलली याचाच आधी उलगडा करावा लागतो. म्हणून मी तिला आलेखाच्या बाहेर, उजव्या काठाशी, कायमची जागा नेमून देतो. तेथेही एक खोच आहे. चित्र जतन करतेवेळी कडा चौकटीपर्यंत धराव्यात असे स्पष्ट बजावले नाही तर साधन आपल्या ठरलेल्या मापाने कागद कापते, आणि पुढे येणाऱ्या ‘धाकटी पाती’ या नावातले नुसते ‘धाक’ शिल्लक राहते.

क्रमाचीही तीच गत. सूचीतील नावे ज्या क्रमाने आज्ञा दिली त्या क्रमाने, बहुधा तक्त्यातील स्तंभांच्या क्रमाने, लागतात. वाचकाची नजर मात्र उजव्या काठाशी, जेथे रेघा संपतात, तेथून सूचीकडे वळते. तेव्हा ज्या रेघेचे शेवटचे टोक सर्वांत वर तिचे नाव सर्वांत वर, अशी रुजुवात करून यादी उतरत्या क्रमाने लावणे हे चार ओळींचे काम आहे. ते टाळणारा मनुष्य इतर काय काय टाळत असेल याविषयी मला नेहमी शंका येते.

आता धार आणि देवास यांच्या लोकसंख्येचा जो आलेख १९०१ पासून २०११ पर्यंत काढण्याचे काम माझ्याकडे आले त्याची हकीकत सांगतो, कारण सूचीविषयी माझे जे खरे म्हणणे आहे ते त्या आलेखाने मला शिकवले.

१९०१ साली देवास नावाचे एक संस्थान नव्हते, दोन होती. पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात उतरलेल्या तुकोजी व जिवाजी पवार या बंधूंच्या वंशांनी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात राहून चालवली. राजवाडे दोन, दरबार दोन, दफ्तरे दोन, आणि वर चामुंडेची टेकडी एक. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून १९२१ मध्ये येथे राहून गेलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला या दुहेरी संसाराचे इतके नवल वाटले की बत्तीस वर्षांनी त्याने त्या टेकडीच्याच नावाने पुस्तक लिहिले. शिरगणतीला असल्या नवलाशी कर्तव्य नव्हते. तिने थोरल्या पातीची माणसे ६२,३१२ आणि धाकट्या पातीची ५४,९०४ अशी दोन ओळींत मांडली, आणि धार संस्थानची १,४२,११५. हे सारे आकडे संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पनच्या, दुष्काळाने माळवा होरपळून निघाल्यावर लगेच मोजलेले आहेत, आणि आपल्याकडचे बहुतेक आलेख येथूनच सुरू होत असल्यामुळे त्यांतल्या रेघा खड्ड्यातून वर निघालेल्या दिसतात, ही गोष्ट जाता जाता नमूद करून ठेवतो.

दुसऱ्या टोकाला, २०११ साली, धार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख ८५ हजार आणि देवास जिल्ह्याची सुमारे १५ लाख ६३ हजार. उभा अक्ष पंचवीस लाखांपर्यंत नेऊन दहा सेंटिमीटर उंचीत बसवला तर दोन पातींतले ७,४०८ माणसांचे अंतर कागदावर एक तृतीयांश मिलिमीटरही भरत नाही. आणि मॅटप्लॉटलिबची रेघ, काही न सांगता, दीड पॉइंट म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असते. याचा परिणाम असा की जी दोन राज्ये पिढ्यानपिढ्या एकमेकांपासून कसोशीने वेगळी राहिली, ती रेघेच्या जाडीपायी एका क्षणात विलीन झाली. सूची मात्र ठामपणे सांगत राहिली की येथे निळी थोरली पाती आहे आणि नारिंगी धाकटी पाती आहे.

देवासमधील एका वयोवृद्ध गृहस्थांना, ज्यांच्या वडिलांची चाकरी धाकट्या पातीच्या दफ्तरात झाली होती, मी हा कच्चा आलेख दाखवला. त्यांनी चष्मा सरसावून आधी चौकट वाचली, मग बोट रेघेवर आणले आणि म्हणाले, “तुम्ही दोन रंग लिहिलेत खरे, पण मला तर एकच दोरी दिसते हो. थोरली कुठे गेली?”

“खाली दबली, काका. जी रेघ मागाहून काढावी ती वर बसते. निळ्याची नुसती किनार दिसते, ही बघा.”

“म्हणजे धाकटी वर?” त्यांच्या मुद्रेवर जे समाधान पसरले ते पाहून आज्ञांचा क्रम बदलण्याचे मला काही वेळ जिवावर आले.

उपाय अर्थात होता. उभ्या अक्षावर दर टप्प्याला समान भर घालण्याऐवजी दर टप्प्याला दसपट धरणारी लॉग प्रमाणपट्टी लावली, आणि दहा हजारांपासून एक कोटीपर्यंतचा पल्ला त्याच दहा सेंटिमीटरांत घेतला, की तेच अंतर पावणेदोन मिलिमीटरांच्या वर जाते आणि दोन्ही पाती सुट्या दिसतात. परंतु या पट्टीवर वाढीचा चढ सौम्य होतो आणि सामान्य वाचक फसतो. म्हणून मी १९०१ ते १९४१ असा एक छोटा आलेख त्याच्या स्वतःच्या मापाने वेगळा काढून मोठ्या आलेखाशेजारी ठेवला. त्यात चौकट नाही. रेघांच्या टोकांशी, त्याच रंगात, नावे लिहिली आहेत.

खरी अडचण पुढेच होती. १९४८ साली दोन्ही पाती आणि धार ही मध्य भारत संघात दाखल झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आली. १९५१ च्या गणनेपासून देवास हा एक जिल्हा आहे. तक्ता ज्याने तयार केला होता त्याने थोरल्या व धाकट्या पातींचे आकडे बेरीज करून ‘देवास’ या एकाच स्तंभात घातले होते, आणि ते पाहताना कोणासही वावगे वाटले नसते. परंतु दोन्ही पाती मिळून ८८६ चौरस मैल, म्हणजे अदमासे २,३०० चौरस किलोमीटर. आणि आजचा जिल्हा सात हजारांवर, कारण त्यात होळकरांच्या नेमावर जिल्ह्यातले कन्नोद व खातेगाव आले, बागलीची ठकुरात आली. धारचे तसेच: संस्थान १,७७५ चौरस मैलांचे, सुमारे ४,६००, जिल्हा आठ हजारांवर, कारण शिंद्यांचे अमझेरा त्यात सामील झाले. मग ती रेघ १९४१ ते १९५१ च्या दरम्यान जी उसळी घेते ती माणसांच्या जन्माची नव्हे, सरहद्दीच्या फेरफाराची आहे.

सूचीतले एक नाव वाचकाला एक हमी देते: डाव्या टोकाला जी वस्तू होती तीच उजव्या टोकालाही आहे. स्तंभालेखात अशी हमी कोणी मागत नाही, कारण तेथे प्रत्येक खांब स्वतंत्र उभा असतो. कालश्रेणीची रेघ बिंदूंना सांधते, आणि सांधणे हाच तिचा दावा असतो. त्या दाव्यावर सूचीतले नाव शिक्का मारते. ‘देवास’ एवढाच शब्द रंगाच्या तुकड्यासमोर लिहिणे म्हणजे न झालेल्या तहनाम्यावर मोहोर उमटवणे आहे. सूची चुकीच्या कोपऱ्यात बसली तर वाचकास त्रास होतो. ती चुकीची हमी देऊन बसली तर वाचक निश्चिंत मनाने खोटे शिकतो, आणि हे अधिक वाईट.

यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. जनगणना खात्याच्या दशवार्षिक फरकाच्या तक्त्यात जुने आकडे आजच्या हद्दींनुसार फिरवून दिलेले असतात. ते घेतले तर रेघ सलग काढता येते, पण मग नावात ‘२०११ च्या हद्दीनुसार’ हे शब्द हवेत. किंवा त्या त्या वेळी मोजलेले आकडे घ्यावेत आणि रेघ १९४१ पाशी तोडावी. मी दुसरी वाट पत्करली, कारण मला संस्थाने दिसायला हवी होती. संस्थानांच्या रेघा सलग, जिल्ह्यांच्या तुटक, मध्ये मोकळी जागा. धारच्या दोन तुकड्यांचा रंग एकच ठेवला आणि पहिल्याला ‘धार संस्थान, १९०१–४१’, दुसऱ्याला ‘धार जिल्हा, १९५१ पासून’ अशी नावे दिली. एरवी एकाच वस्तूचे दोन तुकडे पडले असता दुसऱ्याच्या नावाआधी अधोरेषा घातली की साधन त्याला सूचीतून गाळते, आणि ही युक्ती मी इतरत्र सर्रास वापरतो. येथे ती वापरली नाही.

धारचाच एक जुना नमुना या संदर्भात मला आठवतो. १९०१ ची मध्य हिंदुस्थानची शिरगणती ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या कॅप्टन लुअर्ड यांच्यासह धार व माळव्याच्या परमारांवरील ग्रंथ १९०८ मध्ये लिहिणारे काशिनाथ कृष्ण लेले हे धार दरबारच्या सेवेतील मराठी विद्वान. भोजशाळेतील ज्या शिलालेखांकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले त्यांत दोन सर्पबंध आहेत: दगडावर कोरलेल्या नागाच्या विळख्यांतून संस्कृत वर्णमाला आणि नामांचे व क्रियापदांचे प्रत्यय मांडले आहेत. व्याकरणाचा तो तक्ताच, पण अक्षरे आकृतीच्या अंगावर आहेत. कोणता विळखा कशाचा हे सांगण्यास बाजूला यादी नाही.

अंगावर अक्षरे लिहिण्याच्या बाबतीत आमचे साधन मात्र त्या शिल्पकाराच्या मागेच आहे. देवनागरी नावे दिली असता पहिल्याने नुसते चौकोन उमटतात, कारण मुळातल्या टंकात आपली अक्षरे नाहीत. टंक बदलून दिला की अक्षरे येतात, पण माझ्या यंत्रावरील आवृत्तीला जोडाक्षरे घडवता येत नाहीत आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी नेता येत नाही. ‘धार’ उत्तम येते, ‘देवास’ उत्तम येते. ‘जिल्हा’ लिहिताच वेलांटी ज च्या मागे पडते आणि ल पाय मोडून उभा राहतो. ‘क्षिप्रा’चे जे होते ते पाहवत नाही. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकवी. मीही शेवटी तेच करतो. रेघा संगणकाकडून काढून घेतो, चित्र बिंदूंऐवजी रेखारूपात जतन करतो, आणि नावे अक्षरजुळणी जाणणाऱ्या दुसऱ्या साधनात लिहून रेघांच्या टोकांशी बसवतो. फावल्या वेळात हे स्वयंचलित करण्याची आज्ञावलीही लिहिली आहे. तीत नावाची जागा ‘२०११’ असे साल घालून ठरवलेली नाही. त्या रेघेतील शेवटचा भरलेला आकडा ती शोधते आणि त्याच्या किंचित उजवीकडे नाव ठेवते. पुढली जनगणना २०२७ ची आहे. मधले अंतर दहाऐवजी सोळा वर्षांचे पडणार असल्याने आडवा अक्ष गणनांच्या क्रमांकाने न आखता खऱ्या वर्षांनी आखला आहे, आणि नवा आकडा तक्त्यात पडला की ‘धार जिल्हा’ व ‘देवास जिल्हा’ ही नावे आपापल्या टोकांबरोबर उजवीकडे सरकतील. तिन्ही संस्थानांची १९४१ वरच राहतील.