बदललेली नावे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील पाच-सहा वाचनवेड्या भगिनींमध्ये एक इंग्रजी कादंबरी हातोहात फिरली. लिसा विंगेट या अमेरिकन लेखिकेची 'बिफोर वी वेअर युअर्स'. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ती मला आणून दिली, आणि माझ्याकडून ती इतरांकडे गेली. एकाच व्यक्तीला ती द्यायचे मी टाळत होते. ती म्हणजे माझी धाकटी बहीण.

कथानक दोन काळांतले आहे. १९३९ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील मेम्फिस शहराजवळ, मिसिसिपी नदीवरच्या एका तरत्या घरात फॉस कुटुंब राहते. गरीब, पण आनंदी. आईला अवघडलेल्या बाळंतपणासाठी इस्पितळात न्यावे लागते आणि मागे राहिलेल्या पाच भावंडांना पोलीस उचलून एका अनाथगृहात घालतात. थोरली रिल बारा वर्षांची. चारही धाकट्यांना एकत्र ठेवण्याची तिची केविलवाणी धडपड हा कादंबरीचा प्राण आहे. दुसरा धागा आजच्या काळातला. साउथ कॅरोलायनामधील एका बड्या राजकीय घराण्यातील वकील मुलगी, ॲव्हरी, हिला वृद्धाश्रमात एक म्हातारी भेटते आणि आपल्या विसरभोळ्या आजीच्या पूर्वायुष्याविषयी तिच्या मनात शंका येते. पुढचे रहस्य येथे सांगत नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांचा विरस नको.

आमच्या मंडळींची मते निरनिराळी पडली. एक सेवानिवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या की ॲव्हरीचा भाग दूरदर्शन मालिकेसारखा आहे, तो गाळला तरी बिघडत नाही. (मलाही ते थोडेफार पटले. तिचे ते प्रेमप्रकरण वाचक आधीच ओळखतो.) दुसरी एक भगिनी रडून रडून दोन दिवस स्वयंपाकघरात गेली नाही, असे तिच्या नवऱ्याने तक्रारीच्या सुरात सांगितले. तिसरीला हे सारे अतिशयोक्त वाटले. आईबाप जिवंत असताना शहरात दिवसाढवळ्या मुले कोण पळवील, आणि सरकार काय झोपले होते?

दुर्दैवाने सरकार झोपलेले नव्हते, सामील होते. फॉस कुटुंब काल्पनिक आहे, अनाथगृह नाही. 'टेनेसी चिल्ड्रन्स होम सोसायटी' या संस्थेची मेम्फिस शाखा जॉर्जिया टॅन नावाच्या बाईने १९२४ पासून १९५० पर्यंत चालवली. शहराचा सर्वेसर्वा राजकारणी एडवर्ड क्रम्प याचा तिच्यावर वरदहस्त होता. बालन्यायालयाच्या न्यायाधीश कमिल केली यांच्या हुकमांनी गरिबांची मुले तिच्या ताब्यात येत. कुणाला अंगणातून उचलले, कुणाच्या आईकडून गुंगीत असताना कागदांवर सह्या घेतल्या. राज्यात दत्तक देण्याची फी किरकोळ होती; न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील श्रीमंत दांपत्यांकडून मात्र शेकडो डॉलर वसूल होत. जोन क्रॉफर्डसारख्या चित्रपटतारकेनेही तिच्याकडून मुले घेतली होती. सुमारे पाच हजार मुले तिच्या हातांखालून गेली आणि शेकडो दगावली, असा अंदाज आहे. १९५० च्या सप्टेंबरमध्ये राज्यपालांनी चौकशी जाहीर केली आणि त्यानंतर काही दिवसांतच टॅन कर्करोगाने मरण पावली. खटला झालाच नाही. दप्तरे मोहोरबंद राहिली. ती त्या मुलांना खुली करणारा कायदा १९९५ साली झाला. तोवर बहुतेकांचे आईबाप गेलेले होते.

पण मला खरे हलवले ते कादंबरीनंतर जे घडले त्याने. पुस्तक वाचून टॅनच्या संस्थेतून गेलेली माणसे, आता सत्तरी-ऐंशीच्या घरातली, लेखिकेला पत्रे लिहू लागली. ही गोष्ट आमची आहे, असे ती सांगत होती. २०१८ साली त्यांतील काहीजण मेम्फिसमध्ये एकत्र जमले. एल्मवुड दफनभूमीत तेथील एकोणीस मुलांसाठी २०१५ साली स्मृतिशिला बसवलेली आहे. तिथेही ती गेली. त्यांच्या हकिकती लेखिकेने ज्युडी ख्रिस्ती यांच्यासह २०१९ साली वेगळ्या पुस्तकात दिल्या. त्यांतही एकमत नाही. काहींना छळ सोसावा लागला. काही म्हणतात, मला वाढवणारे आईबाप देवमाणसे होती. त्यांच्याविषयी एक शब्द ऐकून घेणार नाही.

हे सर्व वाचत असताना बहीण माझ्या डोळ्यांसमोर होती. १९६४ साली पप्पांनी तिला सिस्टरांच्या आश्रमातून घरी आणले तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि मी नऊ वर्षांची. तिला कुणी पळवले नव्हते. तिला कुणी उरले नव्हते. त्या काळी ख्रिस्ती दांपत्याला दत्तक घेण्याचा कायदा नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. आपल्याला १८९० च्या कायद्याखाली केवळ 'पालक' होता येई. बाल न्याय कायद्याने ती वाट उघडली ती २००० नंतर. कागदावर पप्पा तिचे पिता कधी झालेच नाहीत. घरात मात्र हा विषय निघत नसे. गल्लीला ठाऊक, तिला ठाऊक, आम्हांला ठाऊक. बोलायचे कुणीच नाही.

शेवटी पुस्तक तिने दुसऱ्या एका भगिनीकडून मिळवले. आठ दिवसांनी, रविवारच्या मिस्सानंतर ती माझ्याकडे आली.

"ताई, मला का दिलं नाहीस?"

मी काहीतरी सारवासारव केली.

"तुम्ही सगळ्या रिलसाठी रडलात," ती म्हणाली. "रिलला सगळं आठवतं. मी फर्न आहे."

फर्न ही त्या भावंडांतली चिमुकली. अनाथगृहात रिलची 'मे' होते आणि फर्नची 'बेथ'. रिल मनातल्या मनात आपले खरे नाव घट्ट धरून ठेवते. फर्न मात्र नव्या आईच्या कुशीत हळूहळू रमत जाते. मी ती पाने वाचताना सुटकेचा निःश्वास टाकला होता: चला, एक तरी सुखात पडली. बहिणीने ती पाने वेगळी वाचली होती.

"आश्रमात मला वेगळ्या नावाने हाक मारत होते ना?"

मारत होते. आणि ते विसरायला लावण्यात माझा हात होता. आईने आम्हा भावंडांना सांगितले होते, जो तिला जुन्या नावाने हाक मारील त्याला संध्याकाळचा खाऊ नाही. मी तर त्याचा खेळच केला. मागून जुन्या नावाने हाक मारायची. तिने मान वळवली की टाळ्या पिटून हसायचे. पावसाळा संपेपर्यंत तिने मान वळवणे सोडले. आईने मला शाबासकी दिली होती.

हे मी तिला तसेच सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईला नावं ठेवू नकोस. तिने मला आपलंसं करायला केलं. पण नाव काय होतं ते सांग."

मी सांगितले. साठ वर्षांनी ते माझ्या तोंडातून चटकन बाहेर पडले, जणू कालच हाक मारली होती. तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतले. पहिल्या अक्षराला काना आहे का, विचारले.

ते नाव येथे लिहीत नाही, तिने तसे बजावले आहे. पुस्तक अजून तिच्याचकडे आहे. शेवटचा भाग वाचायचा राहिला आहे म्हणते, आणि आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना निरोप दिला आहे की ॲव्हरीची पाने गाळू नयेत.