पोरगं गेम खेळतंय : नाद, खेळ की आजार?

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे, की आई-वडील आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेलं पोरगं असे तिघं आत आले की ते वाक्य येणार हे मला आधीच कळतं. "डॉक्टर, ह्याच्या हातातला मोबाईल तेवढा सुटंल असं कायतरी औषध द्या."

तसं औषध अजून निघालेलं नाही. पण या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. ती चूक तुम्हाला सांगितली तर तुमची टळेल, म्हणून हा लेख. पेशंटची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. वडिलांचं छोटं दुकान. तक्रारी तीन : डोकं दुखतं, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते, सकाळी उठवत नाही. तपासलं. बीपी, रक्त, डोळ्यांचा नंबर, सगळं ठीक. मग विचारलं, "झोपतोस किती वाजता?"

"दोन-अडीच वाजतात, सर."

"एवढ्या रात्रीपर्यंत काय करतोस?"

"स्क्रिम असते."

स्क्रिम म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. दोन संघांत-चार संघांत ठरवून खेळलेला सराव सामना, असं त्यानं सांगितलं. मी हसलो. "म्हणजे शेवटी गेमच ना रे?" त्यानं मान खाली घातली ती परत वर केली नाही. मनगटासाठी औषध लिहिलं आणि वडिलांना म्हणालो, "मोबाईल काढून घ्या. महिन्याभरात सुतासारखा सरळ होतोय बघा."

वीसेक दिवसांनी त्याची आई एकटीच आली. पोरगं घरात कुणाशी बोलत नव्हतं. अभ्यासाला म्हणून मित्राकडे झोपायला जायचं आणि तिथे त्याच्या मोबाईलवर रात्रभर खेळायचं. हे कळल्यावर वडिलांनी हात उचलला. त्या रात्री अकराला तो घरातून निघून गेला आणि पहाटे रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेला सापडला. "सापडला म्हणून बरं, डॉक्टर," एवढंच त्या माउली म्हणाल्या. मला दोष दिला नाही. दिला असता तरी बरोबरच होतं. सल्ला माझाच होता.

मी काय बघितलं नव्हतं

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मुलाला बोलावलं. वडिलांकडून त्याचा मोबाईल मागवून घेतला होता, तो त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "मला तुझा गेम दाखव."

गेम होता बीजीएमआय. चार जणांचा एक संघ, मैदानात असे बरेच संघ, आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. खेळायची जागा हळूहळू आकसत जाते, त्यामुळे कधी थांबायचं, कधी पुढे सरकायचं हा सगळा डोक्याचा खेळ. संघात हे निर्णय घेणारा एक जण असतो, आणि आमचा हा गप्प बसणारा पोरगा त्याच्या संघाचा तो कप्तान होता. बाकीचे तिघे वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना प्रत्यक्ष कधीच न भेटलेले. अठरा वर्षांखालच्या मुलांना या गेममध्ये दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, म्हणून स्वारी वडिलांच्या नावानं खेळत होती. तेही त्यानं स्वतःहून सांगितलं.

तो अर्धा तास बोलत होता. पहिल्या भेटीत माझ्यासमोर तो अर्धा मिनिटही बोलला नव्हता.

शेवटी मी विचारलं, "खेळताना मजा येते का?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आधी यायची."

वाचकहो, त्याच्या सगळ्या तपासण्यांत निदानाच्या सगळ्यात जवळ नेणारं उत्तर हेच होतं. ते का, हे पुढे सांगतो. आधी पालकांचा नेहमीचा प्रश्न घेऊ.

हा खरा खेळ आहे का?

बऱ्याच पालकांना वाटतं की बसून बोटं हलवणं म्हणजे खेळ नव्हे. पण आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणलं तेव्हा आपण मिरवणूक काढली. त्या खेळात पळावं लागत नाही, शरीर जितकं स्थिर तितकं चांगलं. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली, तीही खुर्चीवर बसूनच. त्यामुळे घाम येतो की नाही एवढ्यावर खेळ ठरत नाही.

ई-स्पोर्ट्सची मान्यता आता कागदावरही आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो प्रात्यक्षिक म्हणून होता. तिथे गुजरातच्या तीर्थ मेहतानं 'हार्थस्टोन' या गेममध्ये कांस्यपदक मिळवलं. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत त्याला अधिकृत पदकं होती. आपल्या केंद्र सरकारनंही डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानलं आणि त्याची जबाबदारी क्रीडा खात्याकडे दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, पण ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे ठेवले. हा फरक पालकांनी नीट लक्षात घ्यावा. मुलगा पैसे लावून रमी खेळत असेल, तर तो जुगार आहे आणि हा लेख त्याच्यासाठी नाही.

गांभीर्य म्हणजे काय, हे तालमीला विचारा

मुलं म्हणतात, "आम्ही सिरियसली खेळतो." खोदून विचारलं की कळतं, सिरियसली म्हणजे जास्त तास. इथे मला कोल्हापूरकर म्हणून हरकत आहे.

गंभीरपणे खेळणं काय असतं ते या गावाला शिकवावं लागत नाही. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, कुठल्याही तालमीत जाऊन बघा. पहाटे उठायचं, जोर-बैठका, लाल मातीत लढती, मग खुराक, मग झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. मेहनतीइतकंच झोपेवर वस्तादाचं लक्ष असतं. खांदा दुखावलेल्या पोराला तो मातीत उतरू देत नाही. आणि एखाद्याचं अंग कुस्तीचं नसेल तर तेही वस्तादच सांगतो, कारण दुसऱ्या कुणाचं तो पोरगा ऐकणार नसतो.

माझा पेशंट रात्री नऊ ते एक स्क्रिम खेळायचा, नंतर तासभर झालेल्या चुकांवर वाद. दुखऱ्या अंगठ्यानं रोज खेळायचा. व्यायाम शून्य. रात्री जागायला एनर्जी ड्रिंक. वस्ताद कुणी नाही. खेळ गंभीर असेल, पण खेळायची ही रीत गंभीर म्हणता येणार नाही. कुठल्याही तालमीनं असा पठ्ठ्या दोन दिवसांत घरी पाठवला असता.

तालमींचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्याकडे माजी पैलवान येतात. मेहनत सुटली पण खुराक सुटला नाही, आणि पन्नाशीत शुगर, गुडघे, बीपी. ज्याला आपण मान देतो तो खेळही शरीराकडून किंमत घेतो. आणि खासबागेत नाव झालं असे किती? बाकीचे शेकडो तालमीतून अंगमेहनत आणि शिस्त घेऊन बाहेर पडले आणि कामधंद्याला लागले.

मोबाईल गेममध्ये आणखी एक धोका आहे, जो कुस्तीत नाही. मैदान तुमचं नसतं, कंपनीचं असतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीवर बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. तोही जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्यानं शिक्षण सोडून सगळं त्यावर लावलं, त्याच्या पायाखालून मैदानच दहा महिने गेलं. खासबाग असं रातोरात गायब होत नाही. म्हणून खेळात जीव लावायला माझी ना नाही, पण दहावी-बारावी सोडून कुणी त्यात उतरत असेल तर मी स्पष्ट नको म्हणेन.

मग आजार कधी म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केला आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात तीन गोष्टी बघायला सांगितल्या आहेत :

- खेळणं कधी सुरू करायचं, किती वेळ, कधी थांबायचं, यावर ताबा राहत नाही.
- जेवण, झोप, शाळा, मित्र, आधीच्या आवडी, सगळं मागे पडून गेम पहिला होतो.
- नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.

हे सगळं साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि त्यानं आयुष्यात खरोखरच अडथळा आलेला असावा. लक्षणं तीव्र असतील तर वर्षाची वाट बघत नाहीत. या व्याख्येत तासांचा आकडा कुठेही नाही. रोज दोन तास खेळणारा आजारी असू शकतो आणि चार तास खेळणारा ठणठणीत. गेम खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा आजार होतो, हेही लक्षात ठेवा.

आता "आधी यायची" या उत्तराकडे. ज्याला आपण कोल्हापुरात नाद म्हणतो, त्यात आनंद असतो. कबुतरांचा नाद असो, फुटबॉलचा असो, माणूस त्याच्यामुळे ताजा होतो. आनंद संपला आणि तरीही हात थांबत नाही, तिथे डॉक्टर म्हणून मी सावध होतो. बऱ्याचदा खाली दुसरंच काही दडलेलं असतं : नैराश्य, परीक्षेची भीती, घरातली भांडणं. गेम हे तिथून पळून जायचं ठिकाण झालेलं असतं. अशा वेळी नुसता मोबाईल काढून घेतला तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि आसरा तेवढा जातो. माझी चूक नेमकी ही होती.

घरी काय कराल?

- आधी गेम बघा. शेजारी बसा, नाव विचारा, मुलाकडून शिका. न हसता.
- झोप पहिली. या वयात ८ ते १० तास झोप लागते. झोपायच्या तासभर आधी खेळ बंद, आणि रात्री घरातले सगळे मोबाईल एकाच जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचाही.
- दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं. स्क्रीनकडे बघताना पापणी कमी लवते आणि डोळे कोरडे पडतात. यातली बरीच डोकेदुखी डोळ्यांच्या ताणाची असते.
- अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर खेळ थांबवा. अंगठ्याच्या स्नायूबंधाभोवतीचं आवरण सुजलेलं असू शकतं. लवकर विश्रांती दिली तर लवकर बरं होतं.
- रोज तासभर अंग हलेल असं काहीतरी : मैदान, सायकल, जोर, काहीही.
- खेळायचं असेल तर मुलाच्याच नावानं आणि मर्यादेत. तुमच्या नावाचं खातं देऊ नका. पैसे भरायची सोय तुमच्याकडेच ठेवा.
- महिन्यातून एकदा विचारा, "अजून मजा येते का?"

मुलगा जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, घर सोडून जात असेल, मोबाईल घेतल्यावर मारहाणीवर उतरत असेल, किंवा शाळा पूर्ण सुटली असेल, तर वाट बघू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सीपीआरमध्ये ही सोय आहे. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास.

त्या मुलाचं काय झालं?

त्यालाही मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने समुपदेशन चाललं, वडीलही दोनदा जाऊन बसले. मोबाईल परत मिळाला, पण अटी मुलानंच लिहिल्या आणि पहिली अट झोपेची होती. त्यानं संघाला स्क्रिम लवकरच्या वेळेत घेऊ म्हणून विचारलं. बाकीचे तयार झाले नाहीत. पुढे एका स्पर्धेच्या पात्रता फेरीत संघ हरला आणि थोड्या दिवसांनी त्यानं स्वतःच संघ सोडला. सोडताना रडला, असं आई म्हणाल्या. ते मला बरं वाटलं. ज्यात जीव लावला ते सोडताना रडू यावंच.

मागच्या महिन्यात आजीला बीपी दाखवायला घेऊन आला होता. आता कॉलेजात आहे. आजीची गोळी लिहिता लिहिता विचारलं, "खेळतोस का रे अजून?"

"रविवारी, सर. धाकट्या भावाला शिकवलंय. तो लई बेकार खेळतो." मग हसला. "पण मजा येते."