अंगाला माती लागताना

चौदाव्या-पंधराव्या वर्षी अंग आपलं वाटत नाही. हात उगाच लांब झालेले, आवाज फाटलेला, आणि सगळं जग आपल्याकडंच बघतंय ही खात्री. त्या वयात वडिलांनी मला कोल्हापुरात तालमीत घातलं. मला मार लागण्याचं भय नव्हतं. भय होतं ते सदरा काढण्याचं.

नवख्या पोराच्या या भयाविषयी कुणी बोलत नाही. उघड्या अंगानं, नुसत्या लंगोटावर, भरलेल्या दंडांच्या गड्यांमध्ये जाऊन उभं राहायचं. पहिल्या पहाटे मी छातीवर हात बांधून भिंतीला टेकलो होतो. वस्तादांनी नाव विचारलं नाही की धीर दिला नाही. एवढंच म्हणाले, "बारक्या, खोरं घे. हौदा खण."

हौद्यातली माती रात्रीत बसते. रोज पहाटे ती खणून भुसभुशीत केली नाही, तर आपटणाऱ्याची पाठ दुखावते. ही तांबडी माती चाळून, खडा न खडा वेचून घेतलेली असते. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवतात. वरचा थर पहाटेच्या गारव्यानं थंड होता. खोरं खाली गेलं तशी आतली ऊब पायाच्या बोटांना लागली आणि आंबूस, हळदीचा वास नाकात भरला. तो वास मला आजही कुठंही ओळखू येईल. खणता खणता छातीवरचे हात कधी सुटले, कळलंही नाही. हातांना काम होतं.

खणून झाल्यावर वस्तादांनी मूठभर माती माझ्या पाठीवर टाकली आणि चोळायला सांगितली. खांद्यांवर, पोटावर, मांड्यांवर ती बसली आणि उघडेपण गेलं. शेजारचा पैलवानही तसाच तांबडा, मीही तसाच. आमच्या तालमीत आरसा नव्हता. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मग एक थोराड पैलवान माझ्या उंचीइतका वाकला. "मान धर," म्हणाला. मी बोटं टेकवली. "दाब की! मी काय काचंचा हाय व्हय?" मी दाबलं. त्याच्या मानेचा ताठा, घामाचा ओलावा, मातीतून येणारी ऊब हे सगळं तळहाताला एकदम कळलं. त्या वयाचा मुलगा आईच्या कुशीतून कधीच उठलेला असतो. वडील फार तर खांद्यावर हात ठेवतात. कित्येक वर्षांत मी कुणाला असं घट्ट धरलं नव्हतं. नंतर त्यानं मला उचलून हलकेच पाठीवर टाकलं. मातीनं झेललं. मी हसलो.

जोर, बैठका, पट, ढाक हे सगळं पुढं आलं. ते अंग दुखता दुखता येतंच. भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला उतरले ते ५२ किलोच्या गटात. मातीत वाढलेला हा गडी तिथं मॅटवर खेळला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यातलं पदक मला दूरचं वाटायचं, पण ५२ किलो हा आकडा जवळचा होता. बारीक अंगालाही या खेळात जागा आहे, असं तो आकडा रोज सांगायचा.

घाबरू नकोस, असं मला तिथं कुणीही म्हणालं नाही. भित्र्या पोराला ते सांगून काही होत नाही. त्याच्या हातात खोरं द्यावं, त्याच्यापुढं मान वाकवावी. चांगला वस्ताद आणि चांगले थोरले पैलवान हेच करतात, आणि शिकवण्याची याहून मोठी रीत मला माहीत नाही.

तुमच्या घरात खांदे पाडून, भिंतीच्या कडेकडेनं चालणारं पोर असेल, तर त्याला घाला. कुस्ती, ज्युदो, कराटे, जवळ असेल ते. मुलगी असेल तरी घाला. फक्त दारापर्यंत सोडा आणि मागं फिरा; बघत थांबू नका. त्या वयात सगळ्यांत जास्त लाज वाटते ती आईबापांच्या नजरेचीच.