कन्फर्मेशनचा फॉर्म आणि पंडिता रमाबाई

 

टॅक्स सीझन संपला, राहिलेल्यांची एक्स्टेन्शन्सही भरून झाली, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. चहा घेऊन बसा.

या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न येतोच: इथे वाढणाऱ्या मुलांना आपला धर्म कसा द्यायचा? श्लोक, अथर्वशीर्ष, बालविहार, रविवारची मराठी शाळा, तुम्हा सगळ्यांची उत्तरं मी आवडीनं वाचते. स्वतः कधी लिहिलं नाही, कारण आमचं घर ख्रिस्ती. तेही चार पिढ्यांचं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, पुढे नगरला गेली आणि त्यांच्या शाळेत माझ्या सासरचे पूर्वज शिकले. त्या मिशनचा कारभार बॉस्टनहून चालायचा. आता मी बॉस्टनच्या एका उपनगरात राहून लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. इथले शेजारी मला हिंदू समजतात आणि आपल्या मंडळात कुणीतरी हळूच विचारतं, "कन्व्हर्ट कधी झालात?" दोन्हीकडे हसून उत्तर द्यायची सवय झालीय.

पण या वर्षी तुमचाच प्रश्न माझ्या घरात आलाय. लेक पंधरा वर्षांची आहे. आमच्या एपिस्कोपल चर्चमध्ये मे महिन्यात कन्फर्मेशन आहे, आपल्या मराठीत दृढीकरण. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीनं आईबाप 'हो' म्हणतात. दृढीकरणात त्या मुलानं स्वतः उभं राहून, बिशपसमोर, तो 'हो' आपला म्हणून सांगायचा. फॉर्म आला. लेक म्हणाली, "मम्मा, आजीसाठी करते हवं तर. पण मला खरंच विश्वास आहे की नाही, मला माहीत नाही. मग बिशपसमोर खोटं बोलू?"

सांगा, काय उत्तर द्याल? नगरला सासूबाईंनी नातीसाठी पांढरी साडी घेऊनही ठेवलीय.

मी पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, पुण्यात आर्टिकलशिप केलेली. ज्याचं व्हाउचर नाही ती एंट्री मला सहन होत नाही. त्यामुळे बायबलमधली एक गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचत आलीय. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटचे पार संध्याकाळी पाचला. सहाला पगारवाटप. सगळ्यांना सारखाच, एकेक दिनार! पहाटेपासून उन्हात राबलेले चिडतात. माझ्या एखाद्या क्लायंटनं असं पेरोल केलं असतं तर मी त्याला फोन लावला असता. पण येशू सांगतो की देवाचं प्रेम या मालकासारखं आहे. ते तासांवर मोजून मिळत नाही, आणि उशिरा आलेल्याचं कापलंही जात नाही.

हे ऐकायला गोड वाटतं, पण पचवायला अवघड आहे. आपण सगळे मनातल्या मनात देवाशी हिशेब ठेवतो. आमच्या चर्चमध्येही ग्रीन कार्डसाठी उपवास करणारे आहेत, आणि नोकरी लागली की दशांश देईन म्हणणारे आहेत. यात धर्माधर्मात फरक नाही.

हा हिशेब कुणाला सर्वांत महाग पडला असेल तर पंडिता रमाबाईंना. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. घरदार सोडून कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरायचं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत उपासमारीची वेळ आली. होतं नव्हतं ते पूजाअर्चेत, दानधर्मात गेलं. देव काहीतरी उत्तर देईल म्हणून वाट पाहिली, शेवटी झाडपाला खाल्ला. काही महिन्यांत वडील, आई, मोठी बहीण, तिघंही गेली. रमाबाईंनी हे पुढे स्वतः लिहून ठेवलंय. वाचताना त्या कुणाची टिंगल करत नाहीत हे जाणवतं. आईवडिलांबद्दल त्यांना शेवटपर्यंत माया होती. त्यांनी घातलेला प्रश्न फक्त एवढाच होता की इतकं सगळं देऊनही समोरून कुणी बोललं का नाही.

नंतर भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा कॉलऱ्यानं गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन १८८३ साली त्या इंग्लंडला पोचल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे. तिथे लंडनच्या फुलम भागात त्या सिस्टरांनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि सिस्टर त्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, विहिरीवर भर दुपारी एकटी आलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. आधी सुधारून ये, मग बोलू, असं तो म्हणत नाही. रमाबाईंना वाद घालून कुणी पटवलं नव्हतं. वादात त्यांना हरवणं कठीणच होतं!

त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. सिस्टर जेराल्डाइनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा. ट्रिनिटीवर शंका आहेत, चर्चच्या अधिकारावर शंका आहेत, क्रॉसवर लॅटिनच का, आमचं संस्कृत का नको, असा सवाल आहे. पुरोहितांचं एक जोखड महत्प्रयासानं उतरवलंय, लगेच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. शाकाहार सोडला नाही. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला आल्या, आपल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. अडीच-एक वर्षं या देशात फिरल्या, भाषणं दिली, आणि १८८७ च्या डिसेंबरात इथेच बॉस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायची हमी, अट ही की शाळेत धर्मप्रचार नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथे मुलींना आपापला धर्म पाळायची मोकळीक होती. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या आणि १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. यात त्या पालकांचीही बाजू मला कळते. माझी लेक दुसऱ्यांच्या वसतिगृहात असती तर मीही चौकशीला धावले असते. तरी ते उघडं दार माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाला ओढून आणलं नाही, पण लपवलंही नाही.

आता मुख्य गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिलंय. आठ वर्षं! बाप्तिस्म्याची नोंद झालेली, पुस्तकं लिहून झालेली, संस्था चालू. आणि मग कळलं की आपण अजून पात्र ठरायच्याच मागे लागलोय, आणि ते प्रेम तर आधीच देऊन झालेलं आहे. पुढे १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन वाढवलं. तिथे टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदनही काढलं. फुलममध्ये जे पाहिलं, ते इथे उभं राहिलं.

मी हे सगळं लेकीला सांगितलं, दोन-तीन रात्री जेवताना, तुकड्यातुकड्यानं. ती म्हणाली, "म्हणजे शी वॉज ऑल्सो नॉट शुअर?" मी म्हटलं, खात्री नव्हती तिथे नाही म्हणाल्या, आणि शोधणं सोडलं नाही.

फॉर्म यंदा भरायचा नाही असं ठरलंय. पाळकांना ती स्वतः भेटली. त्यांनी क्लासला येत राहा म्हटलं, आणि ती येतेय, पूर्वीपेक्षा जास्त प्रश्न घेऊन. मला वाईट वाटलं का? वाटलं. ईस्टरच्या उपासनेत शेजारी बसलेल्या आईनं तिच्या मुलाच्या दृढीकरणाचं आमंत्रण दिलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं. पण हे प्रेम कमवायचं नसतं असं चाळीस वर्षं ऐकत आलेय, मग तेच मुलीकडून सहीच्या बदल्यात कसं मागू? सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा बराच वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "लक्ष्मीबाई टिळकांनी तरी कुठे टिळकांच्या मागोमाग लगेच बाप्तिस्मा घेतला होता? स्वतःला पटलं तेव्हाच घेतला." नगरच्या बाईला 'स्मृतिचित्रे' शिकवायला जाऊ नये.

एक सुचवते. रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे १८८९ चं पुस्तक मीरा कोसंबींनी इंग्रजीत आणलंय. कुठल्याही धर्माच्या घरात मुलांना वाचायला द्या. आपल्या आधी सव्वाशे वर्षं एक मराठी आई या देशाकडे कशी बघत होती ते कळतं. आणि डिसेंबरात आम्ही केडगावला जायचं म्हणतोय (नगरजवळचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं). कुणी मुक्ती मिशनला जाऊन आलं असेल तर सांगा, पुण्याहून लोकलनं सोपं पडतं की गाडी करावी?